लेक व्ह्यू

कॉलेज सुटून सहा वर्षं झाली म्हणून आमच्या गँगचं रियुनियन मुळशीला ठरतंय. सगळ्यांची एकच अट : रूममधून पाणी दिसलं पाहिजे. एक मित्र मात्र म्हणाला, "येतो, पण बोटिंग नको. आमचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे."

मग थोडं वाचलं. टाटांच्या वीज कंपनीला मुळा अडवून, पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज करायची होती. बुडणार होती मावळ्यांची भातखाचरं. १९२१ च्या रामनवमीला मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग बापट 'सेनापती' झाले ते इथेच. इतकं आपल्याला माहीत असतं. पण मंडळी, बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकल्या होत्या आणि त्यांना भरपाई सोयीची वाटली. लढा पोखरला तो इथे, असं माझं मत. (पुण्यात राहून हे लिहिणं जरा जडच जातं!)

१९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडवली, शिक्षा झाली, १९३१ मध्ये सुटले. धरण तोवर भरलंही होतं. लढ्यात उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांचं 'मुळशी सत्याग्रह' मिळालं तर जरूर वाचा.