पिस्तुलाचा प्रतिक्षेप

गोळी नळीतून पुढे जात असताना पिस्तूल ज्या जोराने मागे येते, त्यास प्रतिक्षेप म्हणतात; व्यवहारातला शब्द 'धक्का'. तो शस्त्राच्या वजनाइतकाच आत भरलेल्या काडतुसावर अवलंबून असतो.

काडतूस आणि धक्का

गोळीचा संवेग (वस्तुमान × वेग) आणि तिच्यामागून सुटणाऱ्या तप्त वायूचा संवेग यांच्या बेरजेइतका संवेग पिस्तुलास उलट दिशेने मिळतो. ९ मिमी काडतुसातील गोळी साधारणतः ७.५ ते ९.५ ग्रॅम वजनाची असते. हलकी गोळी सेकंदाला सुमारे ३६० मीटर, तर जड गोळी सुमारे ३०० मीटर वेगाने सुटते. त्यामुळे दोहोंच्या धक्क्यात समजतात तेवढा फरक पडत नाही. .२२ काडतुसाची गोळी मात्र जेमतेम २.६ ग्रॅमची. एक किलो वजनाच्या पिस्तुलात तिची प्रतिक्षेप-ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या आतबाहेर, तर ९ मिमीची सुमारे पाच ज्यूल भरते. संवेग तिप्पट-चौपट होताच ऊर्जा दहापटीहून वाढते, कारण ती संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

अचूकतेवरील परिणाम

धक्क्याने नेम चुकतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. गोळी नळीत एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ असते. नळी मुठीच्या वर असल्याने तेवढ्यात तिचे तोंड किंचित उचलले जाते. जड, संथ गोळी नळीत अधिक काळ राहते आणि जवळच्या अंतरावर थोडी वर लागते. हा फरक ठरावीक असतो. काडतूस बदलल्यावर नेम पुन्हा जुळवला की तो उरत नाही.

खरा घात धक्क्याच्या भीतीने होतो. चाप पूर्ण ओढण्याआधीच मनगट खाली दबते, डोळे मिटतात आणि गोळी खाली जाते. हे उघडकीस आणण्यासाठी प्रशिक्षक खऱ्या काडतुसांत न कळत एखादे निर्जीव काडतूस मिसळतात. बार होत नाही, पण नळी खाली झुकलेली सर्वांना दिसते.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्याला लागून असलेल्या दौंड येथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ असून जवळच नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. पोलिसाच्या हाती हा प्रश्न गुणांपुरता राहत नाही. गर्दीच्या जागी चुकलेली गोळी तिऱ्हाइताला लागू शकते. म्हणून सौम्य काडतुसावर मिळवलेल्या गुणांवर विसंबणे धोक्याचे. सराव प्रत्यक्ष कामाच्या काडतुसावरही व्हावा लागतो.

क्रीडास्पर्धांत गणित निराळे. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर प्रकारात शेवटच्या फेरीत चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडायच्या असतात. तेथे प्रत्येक धक्क्यानंतर नेम परत जागेवर आणण्यात वेळ जातो. यासाठी पूर्वी .२२ शॉर्ट हे आणखी सौम्य काडतूस वापरत, २००५पासून.२२ लाँग रायफल सक्तीचे झाले आणि पिस्तुलांची रचनाच बदलावी लागली. २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेही याच .२२ काडतुसाच्या प्रकारात.