टाकाऊ ठरलेल्या लहरी

लातूरहून औसा सरळ रेषेत अठरा-एकोणीस किलोमीटर असेल. रेडिओलहरीची एकच लांबी एवढ्या अंतरावर पसरली आहे, अशी कल्पना करून पाहा. इंग्लंडमध्ये रग्बी येथे १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालेल्या प्रक्षेपण केंद्राची लहर खरोखरच एवढी लांब होती. केंद्राची वारंवारता १६ किलोहर्ट्झ. सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाला १६,००० ने भागा; तरंगलांबी येते १८.७५ किलोमीटर.

उभी एरियल नीट काम करायची तर तिची उंची तरंगलांबीच्या पावपट असावी लागते. इथे ती साडेचार किलोमीटरांच्या वर जाते. रग्बीचे मनोरे २५० मीटर उंच होते आणि त्या काळी तेच अचाट वाटत. राहिलेली कसर भरून काढण्यासाठी शेकडो किलोवॉट शक्ती ओतावी लागे, आणि तिच्यातला मोठा भाग तारांत व जमिनीत उष्णता होऊन वाया जाई.

मग एवढा खटाटोप कशासाठी? लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा, असे तेव्हाचे अभियंते मानत. यात मूर्खपणा नव्हता. जमिनीलगत जाणारी लांब लहर खरोखरच कमी क्षीण होते. वर आयनांबर आहे, त्यावरून आखूड लहरी परतून दूरवर उतरू शकतात, हे गणित त्यांनी धरलेले नव्हते. साम्राज्यभर बिनतारी केंद्रांची साखळी उभारण्याची ब्रिटिशांची योजना याच समजुतीवर आखलेली होती, आणि तिच्यातले एक केंद्र हिंदुस्थानात व्हायचे होते.

आता हौशी मंडळींकडे वळू. अमेरिकेत घरोघरी यंत्रे जुळवणारी मुले नौदलाच्या संदेशांत व्यत्यय आणतात, अशी ओरड झाली. १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरी देण्यात आल्या. देण्यात आल्या म्हणण्यापेक्षा, कुणालाच नको होत्या म्हणून त्यांच्या पदरात टाकण्यात आल्या. शक्तीवरही मर्यादा घातली. दूर जाण्याचे दोन्ही ज्ञात मार्ग, लांब लहर आणि प्रचंड शक्ती, असे बंद झाले. उरली एकच वाट: आहे त्या लहरींवर, कमी शक्तीत, यंत्र आणि एरियल सुधारत राहायचे.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशींचे संदेश अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये सुमारे ११० मीटर लहरीवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दुतर्फा संभाषण झाले. लहर आखूड केली तर पल्ला घटायला हवा होता, तो वाढला. मार्कोनीही याच सुमारास आपल्या जहाजावरून आखूड लहरींचे प्रयोग करत होता, तेव्हा सगळे श्रेय हौशींच्या खाती जमा करणे बरोबर नाही. पण पुढच्या वर्षीची एक घटना शिक्षकांनी आवर्जून वर्गात सांगावी अशी आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतून सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेल या मेंढपाळ शेतकऱ्याशी बिनतारी संपर्क साधला. पृथ्वीच्या पाठीवर याहून फारसे लांब जाताच येत नाही!

त्याआधी जुलै १९२४ मध्येच ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी आखूड लहरींच्या झोतकेंद्रांचा करार केला होता. लहर चहूकडे उधळण्याऐवजी तारांच्या जाळ्याने एका दिशेला वळवायची, ही त्यातली युक्ती. लहर काही दहा मीटरांचीच असल्यामुळे असे जाळे बांधणे शक्य झाले. किलोमीटरभर लांबीच्या लहरीसाठी ते केवळ अशक्य. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातली सेवा सुरू झाली. प्रक्षेपक पुण्याजवळ खडकीला आणि ग्राहक यंत्रे सुमारे ८० किलोमीटरांवर दौंडला. दोन्ही एकाच आवारात का नाहीत, असे विद्यार्थी विचारतील. हजारो मैलांवरून आलेली क्षीण लहर शेजारच्या प्रक्षेपकाच्या गोंगाटात बुडून जाते, म्हणून. रग्बीच्या तुलनेत शक्तीचा खर्च किरकोळ, त्यामुळे दर स्वस्त. समुद्राखालच्या तारांचा धंदा एवढा बसू लागला की १९२९ मध्ये तारकंपन्या आणि बिनतारी सेवा यांचे एकत्रीकरण करावे लागले.

गॉयडरची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९३६ मध्ये तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. अफाट देशाला थोड्या खर्चात आवाज पोचवायचा तर आखूड लहरींना पर्याय नव्हता. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई आणि इतर ठिकाणी आखूड लहरींचे प्रक्षेपक बसले ते त्याच्याच कारकिर्दीत. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

कमी शक्तीच्या रेडिओची गरज या भागाला कळली ती ३० सप्टेंबर १९९३ रोजी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. गावोगाव फोन नव्हते. अशा वेळी कुठे किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, औषध कुठे हवे, हे कळणेच मुश्किल होते. मदतकार्यात हौशी रेडिओचालकही आले होते.

या भागाच्या दृष्टीने त्यांच्या यंत्रांमागचे भौतिकशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. नांदेड ते लातूर सरळ अंतर सुमारे ११० किलोमीटर. पोलिसांच्या हातातल्या यंत्राची अतिउच्च वारंवारतेची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. क्षितिजापलीकडे मधले मनोरे लागतात. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र ४० मीटरांची. तिच्यासाठी वीस मीटर तार पुरते, म्हणजे शाळेच्या व्हरांड्याएवढी. ही तार दोन झाडांमध्ये चार-पाच मीटर उंचीवर आडवी बांधली की लहर बहुतांशी सरळ वर जाते, आयनांबरावरून परतते आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत पावसासारखी उतरते. मधल्या डोंगराचा अडथळा उरत नाही. रात्री आयनांबर विरळ झाले की हीच लहर आरपार निसटू शकते, मग ३.५ मेगाहर्ट्झकडे जावे लागते. मोर्सच्या कडकट्टात पाच वॉटही पुष्कळदा पुरतात आणि ते जीपची बॅटरी देऊ शकते. अर्थात प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे.

मग त्या लांबच लांब लहरी वाया गेल्या का? नाही. त्या समुद्राच्या पाण्यात काही मीटर शिरतात, म्हणून पाणबुड्यांना त्यांच्यावाचून चालत नाही. भारतीय नौदलाने १९९० मध्ये तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात असे केंद्र उभारले. आणि गंमत म्हणजे हौशी मंडळी पुन्हा तिथेच पोचली आहेत. २०१० मध्ये जर्मनीतल्या काहींनी पतंगाने वर नेलेल्या तारेतून ९ किलोहर्ट्झच्याही खाली संदेश धाडले. प्रत्यक्षात प्रक्षेपित झालेली शक्ती होती काही मिलिवॉट.

ऐकण्याचा प्रयोग तर शाळेतही होऊ शकतो. या वारंवारता आपल्या कानाच्याच आवाक्यातल्या. लांब तार, साधा ध्वनिवर्धक आणि संगणकाचे मायक्रोफोनचे छिद्र एवढे पुरते. विजेच्या तारांपासून दूर मोकळे रान मात्र हवे, नाहीतर गुणगुणाटाशिवाय काही ऐकू येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत शेकडो किलोमीटरांवरच्या विजांचा कडकडाट सतत ऐकू येतो. रात्री त्यातले काही कडाके पाण्याच्या थेंबासारखे ‘ट्युक्’ असे उतरत जातात. जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीत लहर उसळ्या मारत येते, त्याचा हा आवाज. तो सुमारे १.७ किलोहर्ट्झवर येऊन थांबतो, कारण त्याहून लांब लहर या पोकळीत अशी उसळत येऊ शकत नाही. प्रकाशाच्या वेगाला या वारंवारतेच्या दुपटीने भागले की पोकळीची उंची मिळते: सुमारे ८८ किलोमीटर. आयनांबराची उंची नांदेडच्या माळावर बसून मोजता येते ती अशी. आपल्याच आकाशात गडगडाट ऐकू येत असेल, तर तार सोडून सर्वांनी आधी पक्क्या इमारतीत जावे; मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे जातात.