आधी हॉल, मग तळं

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका वस्तीत किल्लीवरनं भांडण झालं. सभागृह समाजाचं, वर्गणी सगळ्यांची, पण किल्ली एकाकडं. आम्ही आठ-नऊ जण, त्यात तीन पोरी, दर रविवारी संध्याकाळी तिथं वाचायला बसायचो. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मधेच अडवून भांडायचं, असा रिवाज. कमिटीतल्या एका मोठ्या माणसानं कुलूप घातलं. म्हणाला, जयंतीला या, वर्गणी द्या, नाचा. बारा महिने इथं काय कोर्ट भरवायचंय का? मी तिसरी पाळी करून आलेलो, डोकं फिरलं. पण त्याला द्यायला उत्तर नव्हतं माझ्याकडं. ते मी नंतर शोधलं. पुस्तकात शोधलं, कारण दुसरं कुठं शोधायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

मी तळेगाव ढमढेऱ्याचा. आमच्या गावावरनं शिक्रापूरला आलं की पुणे-नगर रस्ता लागतो. मग सणसवाडी, मग कोरेगाव, मग भीमेचा पूल. पूल ओलांडला की डाव्या-उजव्या बाजूला १ जानेवारीला माणसांचा समुद्र असतो. एक गोष्ट बाहेरच्या दोस्तांना माहीत नसते : जयस्तंभ कोरेगावात नाहीच. तो नदीच्या पुण्याकडच्या काठाला, पेरण्याच्या हद्दीत, हवेली तालुक्यात आहे. कोरेगाव अलीकडं, आमच्या शिरूर तालुक्यात. लढाई गावात झाली, खांब नदीपल्याड उभा राहिला.

हा खांब आपण बांधला नाही, हे पहिल्यांदा कबूल करू. १ जानेवारी १८१८ ची लढाई कंपनी सरकारची. १८२१ साली खांबाचा पाया घातला तो कंपनी सरकारनं, आपल्या पलटणीच्या कौतुकासाठी. त्यावर ४९ नावं आहेत, त्यातल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ती आपली माणसं. पण नावं कोरली म्हणून इंग्रज आपला झाला नाही. त्याच इंग्रजानं १८९२-९३ च्या सुमाराला महारांची पलटणीतली भरती बंद केली. म्हणजे नावं दगडावर आणि नातवंडं वेशीबाहेर.

मग हा दगड आपला कधी झाला? माझं म्हणणं असं, की माणसं त्याच्याभोवती बसायला लागली तेव्हा.

ह्यात पहिलं नाव शिवराम जानबा कांबळ्यांचं घ्यावं लागतं. आमच्या पोरांना हे नाव माहीत नाही, मलाही पंचविशीपर्यंत नव्हतं. पुण्यात मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा माणूस. साहेबांच्या टेबलावर बशा मांडायच्या आणि उरल्या वेळात वाचायचं. कॉलेज नाही, काही नाही. चालू शतकाच्या आधीच्या शतकाच्या सुरुवातीला ह्या माणसानं सासवडला ५१ गावांतली महार माणसं एकत्र बसवली आणि सरकारकडं अर्ज केला. १९१० साली थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याला अर्ज गेला : आमची भरती पुन्हा चालू करा. त्या अर्जात कोरेगाव होतं. दगडावरची नावं ह्या बटलरनं पुरावा म्हणून वापरली. त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवलं, आणि देवाला सोडलेल्या मुरळीचा प्रश्न सभेत आणला. शिवूबाई नावाच्या एका मुरळीचं पत्र त्या मासिकात छापलं गेलं, तिचं लग्न लागलं. आज एखाद्या वस्तीत हा विषय काढून बघा, किती माणसं खाली मान घालतात.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी आले ते ह्या कांबळ्यांनी आणि त्यांच्या लोकांनी सभा भरवली म्हणून. आपण सांगतो, बाबासाहेब आले आणि सगळं सुरू झालं. खरं म्हणजे सभा आधी होती, बाबासाहेब त्या सभेला आले. आणि ते यायच्या आधी मुंबईत तीन वर्षं एक वेगळंच काम चाललं होतं.

त्यासाठी मला पणजोबाच्या मागं मुंबईला जावं लागतं. आमचा पणजोबा गाव सोडून परळला गिरणीत गेला. आजी सांगायची, एका खोलीत वीस माणसं, पाळी-पाळीनं झोपायची. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पडायची. गिरणीत विणाई खात्यात मात्र आपल्या माणसाला घेत नसत. कारण ऐका. धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक भोकातनं तोंडानं ओढून घ्यावं लागे. महाराची थुंकी लागलेला धोटा मराठा कामगार तोंडाला कसा लावणार? पगार विणाईत जास्त, म्हणून बाट विणाईत जास्त! मी आज ज्या मागावर उभा असतो त्याला धोटाच नाही, सूत हवेनं फेकलं जातं. मशीननं जात सोडली, माणसानं सोडली का ते तुम्ही ठरवा. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी हाच विणाई खात्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. लाल बावट्याच्या दोस्तांना ही आठवण अधनंमधनं करून द्यावी.

तर ह्याच परळमध्ये दामोदर हॉल होता. तो आपला नव्हता. सोशल सर्व्हिस लीगचा, म्हणजे ना. म. जोशींच्या लोकांचा. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी तिथं बैठक बोलावली. २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, एक गुजराती वकील. पूर्वी मला ह्याचा राग यायचा. आपल्या सभेला त्यांचा अध्यक्ष कशाला? पण कामकाज चालवणारी समिती बघितली की राग कमी होतो. तिचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, खजिनदार निवृत्ती तुळशीदास जाधव. पाटी कुणाची का असेना, तिजोरी आणि वही आपल्या हातात होती.

आणि ह्या सभेनं लिहिलेली उद्दिष्टं वाचताना मी चालत्या एसटीत उडालो. वसतिगृहं काढणं. वाचनालयं काढणं. सामाजिक केंद्रं आणि अभ्यासवर्ग चालवणं. उद्योगाच्या आणि शेतीच्या शाळा काढणं. लोकांची गाऱ्हाणी मांडणं. अभ्यासवर्ग! शब्दच तिथं आहे. आमच्या किल्लीवाल्याला हाच शब्द पाहिजे होता.

सभा नुसती कागदावर राहिली नाही. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह निघालं. तिथली मुलं ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढायची. मुंबईत फुकट वाचनालय काढलं, आणि (हे मला फार आवडतं) महार हॉकी क्लब काढला. जुगारात आणि गुत्त्यावर संध्याकाळ घालवणाऱ्या पोरांच्या हातात स्टिक दिली. क्रांतीच्या इतिहासात हॉकी कुणी लिहीत नाही. १९२८ ला सभा विसर्जित झाली, तिच्या जागी दुसऱ्या संस्था आल्या. जेमतेम चार वर्षं. पण तारखा ओळीनं लावून बघा : १९२४ ला हॉल, १९२५ ला वसतिगृह, १ जानेवारी १९२७ ला कोरेगाव, आणि त्याच मार्चच्या १९-२० ला महाड. तळ्यावर गेलेले पाय आधी कुठंतरी मांडी घालून बसले होते.

महाडलासुद्धा जागेचाच झगडा होता. मार्चच्या परिषदेत प्यायला पाणी चाळीस रुपयांचं विकत घ्यावं लागलं. डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जमीन देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान माणसानं दिली. त्या जागेवर मांडव पडला, त्या जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. मांडवाची जागा मिळाली नसती तर ती होळी कुठं पेटली असती?

आणि दामोदर हॉलचं काम तिथं संपलं नाही. १६ जून १९३६ ला त्याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या, मुरळी, देवदासी, जोगतिणी ह्यांची सभा घेतली. कामाठीपुऱ्यातल्या बायांसमोर उभं राहून तो धंदा सोडा म्हणून सांगितलं. कांबळ्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मासिकात काढलेला विषय इथं खुर्चीवर येऊन बसला. तिथं आलेल्या बायांना त्या दिवशी काय वाटलं ते कुणी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पळत सांगतो. १९७२ ला पँथर निघाली ती मुंबईतल्या पोरांच्या अशाच बैठकांतनं. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्या तिचा अड्डा झाल्या. आणि २५ जून २०१६ ला, पहाटेच्या अंधारात, दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, बाबासाहेबांच्या छापखान्यासकट. जुलैत भायखळ्याहून मोर्चा निघाला तो पावसात. पाडणाऱ्याला कळतं जागेचं मोल. आपल्या कमिट्यांना कळत नाही.

२०१८ च्या १ जानेवारीला आमच्याच रस्त्यावर दगड पडले, गाड्या जळल्या. मी तेव्हा शाळेत होतो. आईनं दार लावून घेतलं होतं. त्यानंतर दरवर्षी पोलीस वाढले आणि माणसंही वाढली. माणसं नमस्कार करतात, फोटो काढतात, पण जाताना पुस्तकांच्या पालांपुढं वाकलेली असतात. दहा-वीस रुपयांची पुस्तकं पिशवीतनं गावोगाव जातात. मला तो दिवस पालांसाठी आवडतो. पण ती पुस्तकं २ जानेवारीपासनं कुठं बसून वाचायची, हा माझा प्रश्न आहे.

किल्ली आम्हाला अजून मिळालेली नाही. मी सभेची उद्दिष्टं हातानं लिहून त्या माणसाच्या दारात नेऊन दिली. त्यानं घडी करून खिशात ठेवली, बोलला काहीच नाही. सध्या आम्ही एका दोस्ताच्या पत्र्याच्या पडवीत बसतो. मागच्या खेपेला कोरेगावचं वाचत होतो. एका पोरीनं अडवलं : ४९ नावं वाचलीत, त्यात बाई एक नाही, मग त्या शिपायांच्या घरी मागं राहिलेल्या बायांचं पुढं काय झालं? आम्हा गड्यांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. पुढच्या रविवारी तोच विषय आहे. पडवी लहान आहे, बसायला आपापलं पोतं आणा.