सी. पी. : दोन अक्षरांचा इतिहास

अक्षरे वाचवून लिहिण्याची खोड मराठी माणसाला नवी नाही. पत्राच्या मायन्यात ‘राजमान्य राजश्री’ ही पदवी ‘रा. रा.’ एवढ्या आटोपशीर रूपात आली, आणि पुढे तिचा मूळ अर्थ न जाणणारेही ती सुखाने लिहू लागले. संक्षेपाचा हा स्वभावच आहे. आरंभी तो मूळ शब्दाचा सेवक असतो. कालांतराने मूळ शब्द विस्मृतीत जातो आणि सेवकच घराचा धनी होऊन बसतो. व्यक्तींच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. परंतु एखाद्या प्रांताचे नावच दोन अक्षरांत बांधले गेले, म्हणजे त्या अक्षरांचा इतिहास तेथील माणसांच्या इतिहासाशी गुंतून जातो. रायपूर शहराने अशी तीन अक्षरयुग्मे पाहिली : सी. पी., एम. पी. आणि सी. जी. शहर जागचे हलले नाही. त्याच्या पत्त्यातील शेवटची दोन अक्षरे मात्र पालटत गेली.

यांतील पहिले युग्म जन्मास आले ते कचेरीत. नागपूरकर भोसल्यांचे राजे तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले आणि पुढील वर्षी डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. त्या राज्यात छत्तीसगडही होते. १७४१ साली भास्करराम कोल्हटकरांनी रतनपूर घेतले, तेव्हापासून या प्रदेशावर भोसल्यांचा अंमल बसत गेला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरासच राहून कारभार पाहत होते. तेथील रामटेकडीवरचे मंदिर त्यांच्याच काळातले. १८१८ नंतर भोसल्यांच्या वतीने इंग्रज अधिकारी येथे देखरेख करू लागले, तेव्हा कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. पुढे १८६१ च्या २ नोव्हेंबरला नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून नवा प्रांत बनविण्यात आला. त्याचे नाव ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’, मराठीत मध्यप्रांत. आणि दप्तरी व्यवहारात सी. पी.

या नावात एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. बंगाल, पंजाब, सिंध ही नावे तेथील लोकांच्या तोंडची होती. ‘मध्यप्रांत’ हे नाव नकाशा समोर पसरून बसलेल्या माणसाला सुचावे असे आहे. मराठी, हिंदी, छत्तीसगडी, गोंडी आणि संबलपुराकडे उडिया, इतक्या भाषा बोलणारी माणसे या एका शब्दाखाली आली. त्यांच्यात समान असे काय, तर ती हिंदुस्थानच्या मधोमध राहत होती! छत्तीसगडाला स्वतःचे जुने नाव होते. प्राचीन काळी तो दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरच्या राजांचे अठरा गड आणि दक्षिणेस रायपूरच्या शाखेचे अठरा, असे मिळून छत्तीस, अशी ‘छत्तीसगड’ या शब्दाची परंपरेने चालत आलेली उपपत्ती आहे. परंतु सी. पी. या अक्षरांत त्याला जागा नव्हती. रायपूर हे १८६२ मध्ये एका विभागाचे मुख्य ठिकाण झाले, इतकेच.

अक्षरे दोन असली तरी त्यांचा आशय एकसारखा राहिला नाही. १९०३ मध्ये निजामाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेला वऱ्हाड या प्रांताच्या कारभाराला जोडण्यात आला. १९०५ मध्ये संबलपूर निघून बंगाल प्रांतात गेले, आणि त्याच वेळी सरगुजा, जशपूर, उदयपूर, कोरिया व चांगभखार ही संस्थाने छोटा नागपुराकडून इकडे आली. १९३६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ हे जोडनाव रूढ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘सी. पी. अँड बेरार’ बसले. या नावातील ‘अँड’ मोठा अर्थपूर्ण होता. वऱ्हाडावर निजामाची सत्ता नाममात्र का होईना शिल्लक होती, तिची खूण त्या एका उभयान्वयी अव्ययाने जपली.

रायपूर आणि नागपूर यांना खऱ्या अर्थाने जोडले ते आगगाडीने. १८७७ मध्ये बालवयातील नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, रायपुरास राहावयास आले तेव्हा तेथवर लोहमार्ग पोहोचला नव्हता. उरलेली वाट बैलगाडीने काटावी लागे. १८८२ पर्यंत नागपूरहून निघालेला अरुंद मार्ग राजनांदगावपर्यंत आला. पुढे बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि रायपूर-बिलासपुरावरून थेट कलकत्त्याकडे नेला. मग वकील, शिक्षक, कारकून, रेल्वेचे नोकर अशी मराठी कुटुंबे या मार्गाने पूर्वेकडे गेली. भोसल्यांच्या काळापासून तेथे असलेल्या मराठी घरांत त्यांची भर पडली. सी. पी. ही अक्षरे या लोकांच्या दृष्टीने कोरडी नव्हती. रायपूरच्या मुलाने नागपूर विद्यापीठाची परीक्षा द्यावी, रायपूरच्या खटल्याचे अपील १९३६ नंतर नागपूरच्या उच्च न्यायालयात चालावे, सुटीत गाडीत बसून नागपुरास आप्तांकडे जावे. हे सारे एकाच प्रांतात घडत होते.

तथापि याच काळात, प्रांताच्या दप्तरात ज्याला जागा नव्हती ते नाव छापील अक्षरांत आणण्याचे कार्य घडले, आणि ते तीन मराठी भाषिकांनी केले, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक होते व रायपूरचे वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. परंतु सरकारी कागदांवर ‘सी. पी.’ लिहिले जात असता या मंडळींनी आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या भूमीचे स्वतःचे नाव घातले. सप्रे यांनी पुढे समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. लाखे यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला. परप्रांतात गेलेल्या मराठी माणसाने आपली भाषा राखावी, हे योग्यच. परंतु ज्या भूमीचे अन्न खावे तिच्या भाषेची आणि नावाचीही सेवा करावी, हा आदर्श रायपूरच्या या पिढीने घालून दिला.

स्वातंत्र्यानंतर अक्षरे पालटण्याची वेळ आली. १९४८ च्या १ जानेवारीस छत्तीसगडातील चौदा संस्थाने प्रांतात विलीन झाली. १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर ‘सी. पी. अँड बेरार’चे ‘मध्यप्रदेश’ झाले. राजधानी नागपूरच राहिली आणि मुख्यमंत्री रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. येथे एक गंमत आहे. शेजारच्या संयुक्त प्रांताचे ‘उत्तर प्रदेश’ झाले, तेव्हा इंग्रजीतील यू. पी. ही अक्षरे जशीच्या तशी राहिली आणि आतला अर्थ तेवढा बदलला. मध्यप्रांताचे नेमके उलट झाले. अर्थ तोच राहिला, पण इंग्रजीत सी. पी. जाऊन एम. पी. आले. देवनागरीत मात्र ‘म. प्र.’ हा संक्षेप मध्यप्रांतालाही चालत होता आणि मध्यप्रदेशालाही चालला. इंग्रजीत पत्ता लिहिणाऱ्याला क्रांती झाल्यासारखे वाटावे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटावे!

कायद्याच्या पुस्तकात हा संधिकाल मोठ्या मौजेने दिसतो. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठराविक गावांत विड्या वळण्यास बंदी करण्याचा अधिकार १९४८ च्या ‘सी. पी. अँड बेरार’ कायद्याने सरकारला दिला होता. सागर जिल्ह्यातील एका विडी कारखानदाराने आणि एका कामगाराने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या नोव्हेंबरात, व्यवसायस्वातंत्र्यावरील हे बंधन अवाजवी आहे असे ठरवून ती बंदी रद्द केली. या निकालात कायदा ‘सी. पी.’चा आणि प्रतिवादी ‘मध्यप्रदेश राज्य’! मृत प्रांताच्या नावाने जिवंत राज्य न्यायालयात उभे होते.

खरा वियोग झाला तो १९५६ च्या १ नोव्हेंबरला. राज्यपुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले होते. ते झाले नाही. बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. रायपूर मात्र मध्यप्रदेशातच राहिले, आणि त्याची राजधानी झाली भोपाळ. सुमारे तीनशे किलोमीटरवरचे नागपूर परराज्यात गेले, आणि त्याच्या दुपटीहून दूरचे शहर सत्तेचे ठिकाण झाले. अपिले जबलपुरास जाऊ लागली. भाषावार प्रांतरचनेने बहुसंख्यांना न्याय मिळाला. पण सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी घरांना एका रात्रीत ‘अल्पसंख्य’ हा नवा शब्द शिकावा लागला. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. राज्याने जी भाषा कचेरीतून काढून घेतली, तिला समाजाने सभागृहात आसरा दिला.

इकडे सी. पी. ही अक्षरे निराधार झाली खरी, पण मेली नाहीत. विदर्भातील भाडेकरूंचे कज्जे १९४९ च्या ‘सी. पी. अँड बेरार’ भाडेनियंत्रण आदेशाखाली चालत राहिले. महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा २००० मध्ये अमलात आला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये सी. पी. क्लब आहे. लाकडाच्या वखारीत ‘सी. पी. टीक’ म्हटले की मध्यप्रांतातला सागवान, हे सुताराला सांगावे लागत नाही; मग तो साग आज महाराष्ट्रातल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातला का असेना. अन्यत्र त्याच अक्षरांना निराळे संसार लाभले. दिल्लीकराला सी. पी. म्हणजे कॅनॉट प्लेस, शहरातील पत्रकाराला पोलीस कमिशनर, आणि नळाच्या दुकानात क्रोमियमचा मुलामा दिलेली तोटी. एम. पी.चीही तीच गत. राज्याला दिलेली अक्षरे खासदारालाही मिळाली.

२००० च्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी बनले आणि उच्च न्यायालय बिलासपुरास आले. रायपूरच्या मोटारींवर ‘सी. जी. ०४’ ही अक्षरे चढली. संक्षेप पुन्हा दोन इंग्रजी अक्षरांचाच. पण या वेळी त्या अक्षरांमागे, शंभर वर्षांपूर्वी पेंड्र्याच्या एका लहानशा मासिकाने शिरावर धारण केलेले नाव उभे होते. सी. पी. या अक्षरांनी माणसे कोठे राहतात एवढेच सांगितले. ती कोण आहेत, हे सांगण्यास त्यांच्या भूमीचे नावच यावे लागले. प्रांत मोडतात, राजधान्या हलतात, संक्षेप बदलतात. लोक ज्या नावाने आपल्या मातीला हाक मारतात ते नाव मात्र दप्तराबाहेर धीराने वाट पाहत राहते, आणि पुष्कळदा दप्तराहून दीर्घायुषी ठरते.