पदवी इथली, अनुभव बाहेरगावचा

१९०६ साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांसह एक नवी पद्धत सुरू केली : काही काळ वर्ग, काही काळ कारखाना. आपल्याकडे तिला ‘सँडविच’ अभ्यासक्रम म्हणत. पुण्यात प्रॉडक्शन शाखेची मुले पदवी हाती येण्याआधीच सत्रभर कारखान्यात काम करत.

वऱ्हाडात महाविद्यालये आली. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४चे. बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळच्या बाभुळगावची १९८३ची. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षीचे. शिकण्यासाठी गाव सोडण्याची सक्ती संपली. पण इथले कारखाने म्हणजे मुख्यतः जिनिंग-प्रेसिंग, तेलगिरण्या आणि पारसचे वीज केंद्र. एवढ्या मुलांना तिथे जागा कुठून मिळणार?

म्हणून आपला अनुभव पदवीनंतर आला. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३च्या दुरुस्तीने पदवीधर अभियंतेही आले. वर्षभर अ‍ॅप्रेंटिस, हाती थोडे विद्यावेतन. काम शिकायला मिळाले, पण एक उणीव राहिली. सँडविचचा विद्यार्थी यंत्रापाशी पडलेला प्रश्न घेऊन वर्गात परततो आणि सरांना विचारतो. अ‍ॅप्रेंटिसला परतायला वर्गच उरलेला नसतो.

आता पदवीतच इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात. जागेचा प्रश्न मात्र तोच आहे. मित्रहो, आपल्यापैकी ज्यांचे अकोला-अमरावतीच्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे, त्यांनी दरवर्षी आपल्या शाळेतून पुढे गेलेला एक तरी विद्यार्थी सहा महिने कामावर घ्यावा. गुरुजनांनी नावे सुचवावीत.