मत्स्यचिन्ह आणि कारागिराचे नाव : शस्त्रावरील खुणांचा पुरावा

पारनेर तालुक्यातील जामगाव येथे शिंद्यांचा वाडा आहे. महादजी शिंदे यांच्या नावाशी निगडित असलेल्या या वास्तूमुळे शिंदेशाहीतील शस्त्रे व बहुमान यांचा विचार या परिसराच्या अभ्यासकास टाळता येत नाही. त्या विचारात एक घोटाळा संभवतो. मासा दिसला की ती कारागिराची कल्पना, आणि नाव दिसले की ते घडविणाऱ्याचेच, असे आपण धरून चालतो.

ही समजूत जपानी तलवारीच्या साजाला बरीचशी लागू पडते. मूठ व पाते यांमधील धातूच्या चकतीस तेथे त्सुबा म्हणतात. तीवर धबधबा चढणारा कार्प मासा कोरणे हा कारागिरांचा आवडता विषय असून, पात्याच्या खाचेशेजारी ते आपले नाव कोरीत. ठशाने उठविलेल्या बारीक दाण्यांच्या पृष्ठभागास तर ‘नानाको’, म्हणजे माशाची गाबोळी, असेच नाव आहे. तथापि तेथेही सावध राहावे लागते. गोतो घराण्याचा मूळपुरुष यूजो (१४४०–१५१२) याच्या बिनसहीच्या कामांवर पुढील पिढ्यांतील घराणेप्रमुखांनी त्याचे नाव, आपली साक्ष जोडून, कोरले. अर्थात नाव पूर्वजाचे आणि हात वंशजाचा.

आपल्याकडे प्रश्न अधिक बिकट आहे. मराठ्यांच्या इतिहासात मासा ठळकपणे येतो तो माहीमरातबाच्या रूपाने. फारसीत माही म्हणजे मासा. काठीवर बसविलेले हे सोनेरी मत्स्यमुख बादशहाकडून मिळे व हत्तीवरून मिरविले जाई. १७९२ साली महादजींनी पुण्यास सवाई माधवरावांना वकील-इ-मुतलकीची वस्त्रे अर्पण केली, त्या बहुमानांत माहीमरातब होता. हा मासा कारागिराच्या आवडीचा नव्हे, दरबारी दर्जाचा आहे.

नावाची गोष्ट याहून चमत्कारिक. मराठ्यांना प्रिय असलेल्या फिरंगेचे पाते बहुधा युरोपातून येई. अशा काही पात्यांवर ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव आढळते. हा सोळाव्या शतकातील इटालियन पातेकार. परंतु त्याची कीर्ती इतकी पसरली, की इतरांनीही ते नाव आपल्या मालावर सर्रास घातले. म्हणून ते नाव कर्त्याचे नसून मालाच्या प्रतीची ग्वाही होय. १८७५–७६ च्या हिंदुस्थानभेटीत ब्रिटिश युवराजास कोल्हापूरच्या छत्रपतींकडून मिळालेल्या तलवारीच्या पात्यावर येशूच्या नामाची अक्षरे आहेत. ती वाचून धारण करणाऱ्याच्या श्रद्धेविषयी कोणी अनुमान काढणार नाही. मग नावाच्या बाबतीत आपण इतके भाबडे का व्हावे?

मूठ मात्र येथली. तिची खोबणी, रिव्हेटा, परजेची घडण आणि पात्यास दिलेला आधार यांत स्थानिक हात स्पष्ट दिसतो. तो लोहाराचा व शिकलगाराचा. आणि त्याचे नाव मुठीवर बहुधा कोठेच नसते.