बाबांच्या सायकलीचा बिल्ला

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. अंबरनाथहून बदलापूरला परतताना वाहतूक पोलिसाने हात केला. मी गाडी बाजूला घेतली. डोक्यावर हेल्मेट होतं, लायसन पर्समध्ये होतं, विमा चालू होता, पीयूसी तर महिन्यापूर्वीच काढलेली. हवालदार माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने मोबाइलमध्ये गाडीचा नंबर घातला, स्क्रीन दोनदा पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, तुमची आरसी संपलीय. दोन वर्षं होऊन गेली."

मला आधी कळलंच नाही. आरसी म्हणजे गाडीचा जन्मदाखला, अशी माझी समजूत. जन्मदाखला कसा संपेल? त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरली. नोंदणीची मुदत जून २०२२ पर्यंत. गाडी आम्ही जून २००७ मध्ये घेतली होती. पंधरा वर्षं बरोबर भरली होती आणि त्यानंतरचे २६ महिने मी नोंदणी नसलेली गाडी रोज रस्त्यावर आणत होते. मोटार वाहन कायद्याच्या १९२ व्या कलमात पहिल्या वेळी कमीत कमी २ हजार आणि जास्तीत जास्त ५ हजार रुपये दंड आहे. पुन्हा सापडलं तर १० हजारांपर्यंत दंड, शिवाय एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. त्याने २ हजारांचं चलान केलं आणि म्हणाला, "लवकर री-पासिंग करून घ्या."

त्या रात्री मला बाबांची सायकल आठवली.

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. मी सहा वर्षांची असताना, १९६४ साली, त्यांची बदली अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. ट्रंका, पाटा-वरवंटा आणि काळी सायकल एवढा आमचा संसार आला. सायकलीच्या हँडलखाली, पुढच्या दांड्यावर, पत्र्याचा एक बिल्ला तारेने घट्ट बांधलेला होता. तो पुणे महापालिकेचा सायकल कराचा बिल्ला. पुण्यात सायकल ठेवायची तर दर वर्षी कर भरायचा आणि नवा बिल्ला आणायचा. नुसता बिल्ला बघून लांबूनही कळे की हा यंदाचा की गेल्या सालचा. पुलाच्या तोंडाशी किंवा मंडईजवळ महापालिकेचे लोक उभे राहत. जुना बिल्ला दिसला की सायकल अडवली जाई. बाबा सांगत, की मार्च आला की कारखान्याच्या स्टँडवर माणसं एकमेकांच्या सायकलींकडे बघूनच विचारत, "काय रे, अजून बदलला नाहीस?" ज्याला पैशांची चणचण असे त्याला कुणीतरी तेवढ्यापुरते उसने देई.

या कराची मुळं जुनी आहेत. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना गाड्या, होड्या आणि स्वारीची किंवा ओझ्याची जनावरं यांच्यावर कर बसवायची मुभा दिली होती. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्यातही मालमत्ता कराच्या शेजारी वाहनं, होड्या आणि जनावरं यांवरचा कर आहेच. घोडा, बैल, टांगा, होडी या रांगेत सायकल येऊन बसली. कायदा करणाऱ्यांच्या मनात चाक आणि खूर यांच्यात फारसा फरक नव्हता. रस्ता वापरता ना, मग त्याच्या डागडुजीचा वाटा द्या, एवढंच.

खूर म्हटलं की मला आमच्या गावाचं नाव आठवतं. बदलापूरची जुनी माणसं सांगतात, की घाटाकडे जाणारे स्वार इथे थांबून थकलेला घोडा ठेवून ताजा घेत. घोडे बदलायचे ते गाव म्हणून बदलापूर. इतिहासाच्या कसोटीला ही व्युत्पत्ती किती उतरेल हा अभ्यासकांचा प्रश्न, पण मला ती प्रिय आहे. जनावर पुढच्या वाटेला पुरेल की नाही हे त्याच्याकडे पाहून, त्याच्या छातीला हात लावून ठरवणारी माणसं इथे होती, असं ती कथा सांगते. आज गाडीच्या फिटनेससाठी निरीक्षक तेच करतो.

अंबरनाथला आल्यावर पुण्याच्या त्या बिल्ल्याला अर्थ उरला नाही. तरी बाबांनी तो काढला नाही. सकाळी भोंगा झाला की ऑर्डनन्सच्या रस्त्यावर सायकलींचा लोट येई. दुसरीकडे विम्कोच्या काड्यापेटीच्या कारखान्याकडे जाणारे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीकडे जाणारे, कल्याण कॅम्पाकडून, म्हणजे उल्हासनगरहून येणारे. आम्ही मुली शाळेत जाताना कडेला उभ्या राहून तो लोट जाऊ द्यायचो. पुढे सायकल गंजली, भंगारात गेली, पण त्याआधी बाबांनी पक्कड घेऊन बिल्ला सोडवला. तो आता माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. आकडे पुसले गेलेत, कडा मात्र अजून बोटाला लागते.

लग्न होऊन मी बदलापूरला कात्रपला आले तेव्हा सासऱ्यांकडे जुनी व्हेस्पा होती. बजाजने ती १९६० च्या दशकात इटलीच्या पियाजिओच्या परवान्याने बनवायला घेतली होती. तिच्या पुढच्या पत्र्यावर काच बसवलेली गोल डबी होती आणि आत टॅक्स टोकन. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याखाली गाडीचा कर भरायचा, पावती घ्यायची आणि मुदत छापलेलं ते गोल कागदी टोकन गाडीवर दिसेल असं लावायचं. पावसाळ्यात त्या काचेत पाणी शिरे म्हणून सासरे कडेला मेण लावत. टोकन बदलायचा दिवस आमच्याकडे सणासारखाच होता. सासूबाई नव्या टोकनाला हळद-कुंकू लावत आणि मगच ते डबीत जाई.

टोकन बिल्ल्याचंच पुढचं रूप होतं. कर कधी संपतो ते गाडीच्या अंगावर लिहिलेलं असे. मालकाला दिसे, शेजाऱ्याला दिसे, पोलिसालाही दिसे. पुढे दुचाकींना एकरकमी कर आला. एकदाच भरा, दर वर्षी खेप नको. लोकांना हायसं वाटलं आणि ते योग्यच होतं. पण करासोबत डबीही गेली, आणि डबीबरोबर तारीख गाडीवरून उतरली. त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

आणि जवळपास त्याच काळात नवी तारीख आली होती. मोटारींचा देशभरासाठीचा पहिला कायदा १९१४ चा, त्यानंतरचा १९३९ चा आणि आजचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या शेवटच्या कायद्याच्या ४१ व्या कलमात खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची आहे. ती संपल्यावर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. जुन्या तीन अक्षरी नंबरांच्या जागी एमएच आलं. ठाण्याला ०४ आणि कल्याणच्या आरटीओ कार्यालयामुळे आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरला ०५.

आमच्या ह्यांनी १९९० साली चेतक घेतली. नंबरप्लेट रंगवून घ्यायला ते मुद्दाम उल्हासनगरला कॅम्प नंबर चारला गेले, कारण तिथला पेंटर ब्रशने आकडे काढायचा ते छापल्यासारखे. त्या शहराला आकड्यांची सवयच आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधमधून आलेली माणसं राहिली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिला उल्हासनगर नाव दिलं. नाव मिळालं तरी पत्ते कॅम्प, ब्लॉक आणि बरॅकच्या नंबरांनीच चालले. माझ्या एका सिंधी मैत्रिणीची आई म्हणायची, की घर-गाव सुटलं तेव्हा बरॅकचा नंबर हीच आमची पहिली ओळख झाली.

चेतकची १५ वर्षं २००५ साली भरणार हे ह्यांना पाठ होतं, कारण आरसी तेव्हा खरोखरच पुस्तक होती. घडीचा जाड कागद, हाताने लिहिलेली नोंद, शिक्के. विम्याच्या वेळी, कर्ज फिटल्याचा शेरा मारून घेताना ते पुस्तक उघडलं जाई. कालनिर्णयच्या मागच्या पानावर दूध आणि गॅसच्या हिशेबाशेजारी ह्यांनी लाल शाईने तारीख लिहिली होती. आणि त्याच वर्षी २६ जुलैचा पूर आला. उल्हास नदीचं पाणी आमच्या तळमजल्यावर छातीपर्यंत चढलं. चेतक दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर ह्यांनी आधी आरसी बुक शोधलं. पानं एकमेकांना चिकटलेली, निळी शाई पसरलेली. मी ते तव्याच्या मंद आचेवर एकेक पान सुटं करत वाळवलं. नंबर आणि तारीख वाचता आली. चेतक मात्र पुन्हा नीट चाललीच नाही. दोन वर्षांनी आम्ही ही ऑटोगिअरची स्कूटर घेतली, माझ्या नावावर, कारण शाळेत नोकरीला मला जायचं असे.

तोवर पुस्तक गेलं होतं. हातात आलं ते एटीएमसारखं कार्ड. त्यावर मुदत असते, पण इतक्या बारीक अक्षरात की साठीनंतरच्या डोळ्यांना चष्म्यानेही कष्ट पडतात. आणि कार्ड बाहेर काढायचा प्रसंगच येत नाही. ते पर्सच्या कप्प्यात गेलं ते गेलंच. आमचे हे २०१६ साली गेले. तारखा सांभाळणारं माणूस गेलं. नोंदणीला दिलेला मोबाइल नंबर ह्यांचाच होता, तो आम्ही बंद केला होता.

चलान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन हिशेब मांडला. नूतनीकरणाची, म्हणजे री-पासिंगची, दुचाकीची फी आधी ३०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती १ हजार झाली, मोटारीची ६०० वरून ५ हजार. उशिराबद्दल दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये. माझे २६ महिने, म्हणजे ७ हजार ८०० रुपये. शिवाय १५ वर्षांपुढच्या गाड्यांना महाराष्ट्रात २०१० पासून पर्यावरण कर आहे, ज्याला सगळे ग्रीन टॅक्स म्हणतात. दुचाकीला तेव्हा पाच वर्षांचे २ हजार होते. चलानाचे २ हजार धरून १२ हजार ८०० रुपये झाले आणि कार्डाचे, टपालाचे वेगळे. दंड भरून नियमित करून घेणं आमच्या भागाला नवीन नाही, उल्हासनगरच्या बांधकामांसाठी तर २००६ साली तसा स्वतंत्र कायदाच झाला. पण ७ हजार ८०० चा आकडा लिहिताना माझा हात थांबला. जुन्या गाडीची तपासणी हवी, ब्रेक आणि धूर बघायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रस्त्यावर माझी नातवंडंही चालतात. पण ज्याने तारीख माहीत असून टाळलं त्याला आणि ज्याला तारीख दिसलीच नाही त्याला एकच माप लागतं. नव्या गाड्या घेणारे पंधरा वर्षं थांबतच नाहीत. हा भुर्दंड पडतो तो एकच गाडी जपून वापरणाऱ्यांवर: दूधवाला, पेपरवाला, एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार, निवृत्त माणूस.

फॉर्म २५ भरला. भाच्याने ऑनलाइन पैसे भरून दिले. ठरल्या दिवशी कल्याणला गाडी नेली. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांची लुना होती. चेसिस नंबरावर पांढरा कागद ठेवून एका मुलाने पेन्सिल घासली आणि लपलेले आकडे कागदावर उमटले. लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून असंच करायचो. निरीक्षकांनी तो कागद नोंदीशी ताडून पाहिला, हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले, टायरवर नख फिरवलं. "गाडी चांगली ठेवलीत," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती ह्यांनी ठेवली होती.

२०२५ साली जुन्या गाड्यांना नवी सुरक्षित नंबरप्लेट बसवायची धावपळ झाली. कोपऱ्यात अशोकचक्राचं चकाकतं चिन्ह, लेझरने कोरलेला क्रमांक. बसवून घेताना मला वाटलं, चला, बिल्ला परत आला. चोरट्याला ती प्लेट अडवेल, पण मुदत तिच्यावरही नाही. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या दुचाकीची फी २ हजार झाली आहे. माझी गाडी २०२७ मध्ये वीस वर्षांची होईल, म्हणजे पुढच्या खेपेला तोच दर.

नवी मुदत पुन्हा नजरेआड होऊ नये म्हणून मी उल्हासनगरला गेले. ब्रशवाला पेंटर आता नाही, त्या गल्लीत रेडियमची दुकानं आहेत. एका मुलाला कागदावर लिहिलेली तारीख दिली आणि म्हटलं, "एवढी कापून दे, पांढऱ्या रंगात, लांबून दिसेल अशी." त्याने विचारलं, "काकू, वाढदिवस आहे का कुणाचा?" मी पर्समधून बाबांचा बिल्ला काढला आणि आकार असाच हवा म्हणून काउंटरवर ठेवला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला, त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीने कड फिरवून घेतली. आता माझ्या गाडीवर, व्हेस्पाला डबी होती त्याच जागी, पुढच्या पत्र्यावर, ती तारीख आहे. आमच्या इमारतीतल्या तिघांनी पार्किंगमध्ये ती पाहून आपापली कार्डं घरातून शोधून आणली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीचे चार महिने उरले होते.